आज जाळ्यात काय आलंय?

मंडळी, मुंबईचा माणूस रात्रभर प्रवास करून मालवणात उतरतो, आंघोळ आटोपून खानावळीत बसतो आणि विचारतो, "बोंबील फ्राय आहे का?" खानावळवाला म्हणतो, "आहे." तो खोटं बोलत नाही. बोंबील खरोखरच असतात. फक्त तेही तुमच्यासारखेच, रात्रभर प्रवास करून उत्तरेकडून आलेले असतात, आणि तेही बर्फात.

आजचं बोलणं याच चुकीभोवती आहे. आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक माशाला पत्ता आहे. तो ठाऊक नसला की माणूस दोनशे मैल जाऊन दादरला मिळतं तेच खातो, आणि परत येऊन म्हणतो की तिकडे काही विशेष नाही.

बोंबलाचंच घ्या. तो मुख्यत्वे डोल जाळ्यात मिळतो. हे जाळं ओढत नेत नाहीत. खुंटांना बांधून ते पाण्यात उभं करतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासा त्याच्या पिशवीत शिरतो. त्यासाठी उथळ, चिखलाचा समुद्र आणि पाण्याची जोरदार ओढ लागते. गुजरातपासून पालघर, वसई, उत्तन, वर्सोवा आणि थोडं रायगडपर्यंत ती आहे. दक्षिणेला किनारा खडकाळ होतो, ओढ कमी होते आणि बोंबीलही विरळ होत जातो. म्हणून बोंबील खायचे तर मुंबईत किंवा मुंबईच्या वर. आणि तिथेही एक गोष्ट पाहा. ओल्या बोंबलात पाणी फार असतं. पोटातून चिरून, उघडून, मीठ लावून तो दोन फळ्यांमध्ये वजनाखाली अर्धा ते एक तास दाबावा लागतो. घाईच्या हॉटेलात ही पायरी गाळतात. मग तव्यावर पडल्यावर मासा पाणी सोडतो, रवा सुटून वेगळा होतो आणि ताटात कुरकुरीत कवच एकीकडे, लगदा दुसरीकडे. दोष तेलाचा नसतो, दाबायचा कंटाळा केलेला असतो.

पापलेटचा पत्ताही उत्तरेचाच. पालघरमधलं सातपाटी त्यासाठी प्रसिद्ध आहे. रुपेरी पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. मान मिळाला म्हणून तळहाताएवढी पिल्लं मागवू नयेत, एवढं मात्र करा. रायगडात, पेण-अलिबागच्या खाड्या आणि तळ्यांमध्ये जिताडा. तो मिळाला तर त्या दिवशी दुसऱ्या कशाकडेही बघू नका. रत्नागिरीपासून खाली बांगडा, तारली, सुरमई. मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते, तिच्यात येणारे पेडवे आणि बांगडे दुपारी ताटात असतात. ते स्वस्त म्हणून पर्यटक मागत नाहीत आणि खानावळवाला ते घरच्यांसाठी ठेवतो. मागा, मिळतील.

म्हणजे बसल्यावर पहिला प्रश्न "सुरमई थाळी केवढ्याला?" हा नाही. पहिला प्रश्न, "आज ताजं काय आलंय?" दुसरा, "ते तुम्ही घरी कसं करता?" दुसऱ्या प्रश्नाने बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरातल्या बाई बाहेर येतात, आणि मग जेवण वेगळंच होतं.

इथे नावांची पंचाईत होते. एकच मासा गाव बदललं की नाव बदलतो. मुंबईत जी नगली, ती मालवणात मुडदुशी. मुंबई-रायगडची चिंबोरी तिकडे कुर्ली. कोळंबीला सुंगटं म्हणतात. रश्शाचं तसंच. अलिबागेत कालवण, मालवणीत तिखलं, सार, आमटी, आणि गोव्याकडे सरकलात की हुमण. हे शब्द नुसते प्रतिशब्द नाहीत. तिखलं दाट आणि झणझणीत, सार पातळ आणि भातावर ओतायचं. "फिश करी" म्हणालात तर त्यांना वाटतं मुंबईचे पाहुणे, आणि सगळ्या माशांना चालणारी एकच ग्रेव्ही तुमच्या वाट्याला येते.

आता रश्शाचा नकाशा. आगरी-कोळी कालवणात खोबरं कमी किंवा नाहीच, आंबटाला बहुधा चिंच, आणि जोर घरच्या मसाल्यावर, लसणावर. रत्नागिरी ओलांडली की आंबटाला कोकम येतं, वाटणात ओलं खोबरं येतं. सिंधुदुर्गात तिरफळ येतं, मसाल्याचं छोटं वाळलेलं फळ. हे तिरफळ समजून घेण्यासारखं आहे. वापरायची ती फक्त साल. आतली काळी बी कडू, ती काढून टाकायची. ते वाटणात घालत नाहीत, नुसतं ठेचून रश्श्यात सोडतात. चार बांगड्यांना सहा-आठ तिरफळं पुरतात. ते बांगडा, तारली अशा तेलकट, उग्र वासाच्या माशासाठी आहे. पापलेटच्या नाजूक रश्श्यात तिरफळ आलं तर समजा, एकाच पातेल्यातला रस्सा सगळ्यांना वाढताहेत. आणि जीभ किंचित बधिर झाली, झिणझिणली, तर घाबरू नका, तिरफळाचा तो धर्मच आहे. ताटात साल सापडली तर बाजूला काढा, चावू नका.

बांगड्याचं तिखलं नीट झालंय का, हे कसं ओळखायचं? वाटण आधी शिजलेलं असतं. मासा सोडल्यावर सात-आठ मिनिटांच्या वर आच नाही, आणि डाव घालून ढवळायचं नाही, भांडं कडेला धरून हलवायचं. ताटात तुकडी अखंड असेल, पण काट्यापासून सहज सुटत असेल, तर काम जमलं. मांस चिवट, भुसभुशीत लागलं तर मासा सकाळपासून रश्श्यात उकळतोय. रश्श्याला कच्च्या खोबऱ्याची चव असेल तर वाटण घाईत उतरवलंय.

खानावळ कशी आहे हे जेवणाआधी जाणून घ्यायचं असेल तर एक सोलकढी मागवा. ती लपवाछपवी करू देत नाही. एका नारळाचं खोबरं, दोन वेळा मिळून दोन वाट्या कोमट पाणी, पिळून काढलेला रस. दहा-बारा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करलेली. लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, एक हिरवी मिरची, चिमूटभर जिरं वाटून. मीठ शेवटी, कारण आमसुलांऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलं तर त्यात मीठ आधीच असतं. अनेक ठिकाणी सोलकढी खारट होते ती इथे. रंग फिकट गुलाबी हवा. गर्द, लग्नाच्या मांडवासारखा गुलाबी दिसला तर रंग किंवा बीट. गोड लागली तर कोकमाचं सरबत घातलंय, साखरेसकट. जिभेवर पिठूळ, खरखरीत लागली तर नारळाची पावडर. वर पांढरी साय तरंगत असेल तर तो दोष नव्हे, फ्रीजमध्ये नारळाचं तेल गोठून वर येतं. पण कुबट, आंबूस वास आला तर ती काल रात्रीची. आणि सोलकढी कुणी गरम करून दिली, फुटून दाणेदार झाली, तर बिल न मागता पुढच्या खानावळीत जा.

कोंबडी-वड्यांबद्दल थोडं. वड्याचं पीठ म्हणजे तांदूळ चार वाट्या, उडदाची डाळ एक वाटी, थोडे गहू, दोन चमचे धणे, एक चमचा मेथी, हे सगळं भाजून जरा जाडसर दळलेलं. गरम पाण्याने मळून दोनेक तास ठेवायचं, केळीच्या पानावर थापायचं, कडकडीत तेलात सोडायचं. वडा फुगतो, पण पुरीसारखा नाही. तोडल्यावर आतून खरखरीत, किंचित मेथीचा कडवटपणा. ताणला तर लांबतो, रबरासारखा लागतो, आणि हळदीचा पिवळा रंग भडक आहे, तर ती मैद्याची पुरी आहे. अशा पुऱ्या हल्ली फार आहेत, आणि पैसे मात्र वड्यांचे घेतात.

थाळीच्या हिशेबात दोन ठिकाणी गफलत होते. पाटीवर "साइजप्रमाणे" लिहिलेलं असेल तर ऑर्डर देण्याआधी मासा बघा आणि भाव रुपयांत विचारा. नंतर विचारणं म्हणजे भांडण. दुसरं, थाळीतल्या रश्श्यात तुकडी असते की नुसता रस, हे विचारा. पुष्कळ ठिकाणी एक तळलेली तुकडी आणि कोरा रस्सा. त्यात वाईट काही नाही, आधी ठाऊक असलं की झालं. सुरमईची मधली तुकडी मागता येते, शेपटीकडची काटेरी. तुकडी बोटापेक्षा जाड कापली असेल तर बाहेर करपते आणि काट्यालगत कच्ची राहते. परत पाठवायला लाजू नका.

आता पोटाची काळजी. बांगडा, कुपा, सुरमई हे मासे बर्फाविना तास-दोन तास उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. मासा शिजवला तरी ते जात नाही. खाल्ल्यावर ओठ झिणझिणतात, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, कधी अंगावर पित्त उठतं. लोक म्हणतात मसाला तिखट होता. तसं नसतं. बांगडा तोंडात टाकल्यावर मिरीसारखा चरचरला तर तो घास गिळू नका, आणि त्रास वाढला, श्वास जड वाटला, तर डॉक्टर गाठा. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, त्यांच्यात शिजूनही जी मिटलेली राहते ती उघडून खायची नाही. दाताखाली कचकच आली तर तिसऱ्या मिठाच्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवलेल्या नाहीत. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनी बारीक कोळंबीसारख्या जवळ्याबद्दलही आवर्जून विचारावं, कारण तो चटणीत, भाजीत, कधी वांग्यातही लपलेला असतो.

कधी जायचं? यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांतली सुरमई बहुतेक शीतगृहातली किंवा बाहेरून आलेली असते. पण पावसाळा म्हणजे उपास नव्हे. रायगडात पहिल्या पावसाबरोबर खाडीची चिवणी ही मासळी येते, गाबोळीने म्हणजे अंड्यांनी भरलेली. खाडीतल्या चिंबोऱ्या असतात. घेताना हातात तोलून पाहा, आकाराच्या मानाने जड हवी. कोळी मंडळी सांगतात की अमावास्येच्या सुमाराला चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ. सुकी मासळी तर याच दिवसांसाठी. सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी ही जुलैतली खरी थाळी.

नंतर श्रावण. बोटी सुटलेल्या असतात, पण पुष्कळ घरं मासे खात नाहीत, आणि लहान खानावळी शाकाहारी होतात. गणपतीत तर कोकणात जेवायला जागा शोधावी लागते, कारण खानावळवाला स्वतःच यजमान असतो. एरवीही सोमवार, गुरुवार बघून जा. घरगुती खानावळीत त्या दिवशी मासे कमी करतात. जेवायची वेळ साडेबारा ते अडीच. तीनला पोहोचाल तर तळलेलं संपलेलं आणि रस्सा आटलेला. दापोलीजवळ हर्णैच्या बंदरावर सकाळी आणि संध्याकाळी लिलाव होतो. तिथे मासा घेऊन जवळच्या घरगुती खानावळीत करून मागायचा असेल, तर आधी खानावळीशी बोला, मग मासा घ्या. उलट केलंत तर दोन किलो सुरमई हातात धरून दारोदार फिरावं लागतं.

शाकाहारी मंडळींसाठी थोडक्यात. गुहागर, गणपतीपुळे, दिवेआगर, हरिहरेश्वर इथे घरगुती जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी माणसं सांगावी लागतात, मोदक हवे तर नगांसकट. वर तूप घालून गरम दिलेल्या मोदकाची पारी मऊ असते. कडा चिरलेल्या, कोरड्या असतील तर तो पुन्हा गरम केलेला. सिंधुदुर्गात आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात, हे मेन्यू कार्डावर नसतं, विचारलं तर होतं. एक गोष्ट स्पष्ट विचारा, पापड आणि भजी कुठल्या तेलात तळता. मासे तळलेल्या तेलातच तळली तर चव लगेच कळते.

येताना आणायचं काय? आगळ काचेच्या किंवा चांगल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्या, ॲल्युमिनियमच्या भांड्यात ओतून ठेवू नका. कोकमाच्या आंबटाने भांडं चरतं. आमसुलं हातात घेऊन दाबा. ती लवचीक असावीत. तिरफळं वाळलेली, तोंड उघडलेली, बी गळालेली घ्या. सुके बोंबील कडक, वाकवले की मोडणारे हवेत. लवले तर ओल आहे आणि महिन्याभरात किडतील. बांधताना आधी कागद, मग दोन पिशव्या, मग झाकणाचा डबा. आणि एसटीत तो डबा वरच्या फळीवर ठेवायचा नाही. पनवेलपर्यंत कुणी काही बोलत नाही, पण नंतर सगळे तुमच्याकडेच बघतात.