खालच्या पट्टीतला रॅपर

मित्रहो, संगीत मंडळात रॅपवर भाषण म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या, त्या मी पाहिल्या. हरकत नाही. मी आज एकाच माणसाबद्दल बोलणार आहे, आणि तेही मुख्यतः तो लय कशी हाताळतो याबद्दल. राकिम. जन्मनाव विल्यम मायकल ग्रिफिन, जन्म २८ जानेवारी १९६८. गाव वायनडँच, न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंडवर.

रॅपर म्हटला की गोळीबार आणि तुरुंग हे आपण धरूनच चालतो. इथे घर गाण्याबजावण्याचं. रिदम अँड ब्लूजची मोठी गायिका रूथ ब्राउन हिचा हा भाचा. शाळेत फुटबॉल खेळायचा, सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॅझमधला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ऐकायचा. सोळाव्या वर्षाच्या आसपास तो नेशन ऑफ गॉड्स अँड अर्थ्स या पंथाकडे वळला आणि त्याने राकिम हे नाव घेतलं.

तबकड्या वाजवणारा डीजे एरिक बॅरियर, म्हणजे एरिक बी., याच्याशी त्याची गाठ पडली आणि १९८६ साली दोघं पहिलं रेकॉर्डिंग करायला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात निर्माता मार्ली मार्लच्या घरगुती स्टुडिओत गेले. त्या काळचा रॅप म्हणजे जोश. तेव्हाचा गाजलेला रॅप गट रन-डीएमसी ऐका, ओळ संपते तिथे दणकून यमक, आवाज टिपेला. आणि हा अठरा वर्षांचा पोरगा सोफ्यावर टेकून, हातातल्या कागदावरून, बोलल्यासारखं म्हणतोय! मार्लला वाटलं, याच्यात जीवच नाही. रॅपर एमसी शॅन तिथे होता, त्याचंही तेच मत. जरा जोरात म्हण, जोर लाव, असं दोघांनी सांगून पाहिलं. राकिम ऐकेना. मला विचाराल तर त्या हट्टात त्याची अर्धी कारकीर्द आहे.

कारण आवाज खाली ठेवला की शब्द नेमका कुठे पडतो ते ऐकू येतं. बीट, म्हणजे मागे वाजणारा ठेका, चार मात्रांचं, साधं, न हलणारं. आधीचे रॅपर सगळं वजन ओळीच्या शेवटावर टाकत. राकिमचं वाक्य ओळ ओलांडून पुढच्या ओळीत जातं, मधेच कुठे तरी थांबतं, आणि यमक तिथे सापडतं जिथे आपण वाट पाहत नसतो. एका ओळीत तीन-तीन अंतर्यमकं, तीही दोन-तीन अक्षरांची. आपल्याकडे समेवर सगळेच येतात, पण सम जवळ आल्याचं दाखवून तिला वळसा घालून जाणारा गवई वेगळा, तसंच हे. ही सवय कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनवरून लागली असं तो स्वतः सांगतो. शब्द लिहिताना चार मापांच्या (चार मात्रांचं एक माप) जागेत ठिपके मांडल्यासारखी जागा मोजायची, मग कुठला ठिपका भरायचा आणि कुठला मोकळा सोडायचा ते ठरवायचं, ही त्याची पद्धत. श्वास घेतो कुठे, हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

१९८७ साली ‘पेड इन फुल’ हा अल्बम आला. मुखपृष्ठावर शिंपी डॅपर डॅनने शिवलेली जाकिटं, गळ्यात जाड साखळ्या, मागे नोटा. आत मात्र गाजावाजा कमी आणि विचार जास्त. शिव्या तर जवळपास नाहीतच. त्यातल्या ‘आय नो यू गॉट सोल’मध्ये जेम्स ब्राउन या सोल-फंक गायकाचा साथीदार बॉबी बर्ड याचं जुनं गाणं वापरलंय, आणि त्यानंतर ब्राउनच्या गोतावळ्यातल्या तबकड्यांवर सगळ्यांच्याच उड्या पडल्या. पुढे १९८८, १९९० आणि १९९२ साली आणखी तीन अल्बम, मग जोडी फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या. १९९७ साली तो एकट्याने परतला. त्याचे एकट्याचे अल्बम चांगले आहेत, पण पहिल्या दोनांपुढे नाही टिकत, हे माझं मत.

२००० साली रॅपर-निर्माता डॉ. ड्रेच्या आफ्टरमॅथ या रेकॉर्ड कंपनीने त्याला करारबद्ध केलं. सगळे म्हणाले, आता बघा. तीन वर्षं गेली, अल्बम काही आला नाही. ड्रेला हाणामारीचा मजकूर हवा होता, राकिमला नको होता. एवढंच कारण तो देतो. पुन्हा तोच सोफा, तोच नकार.

त्या तीन वर्षांत आफ्टरमॅथवर त्याचा आवाज गाजला तो दुसऱ्याच्या गाण्यात, आणि इथे आपला संबंध येतो. २००२ सालचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’. गायिका ट्रुथ हर्ट्स, निर्माता डीजे क्विक, मधलं कडवं राकिमचं, आणि त्या सगळ्याखाली वाजतोय लताबाईंचा आवाज: १९८१ च्या ‘ज्योती’मधलं ‘थोडा रेशम लगता है’. गाणं अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव कुठेच नव्हतं. २००३ साली तिथल्या न्यायालयाने, श्रेय छापल्याशिवाय विक्री नाही, असा आदेश दिला. पुढे मालकी हक्काच्या मुद्द्यावर लाहिरींचा दावा टिकला नाही, तो भाग वेगळा. ते सूर उचलण्यात राकिमचा हात नव्हता. पण ज्या रूथ ब्राउनने हलाखीत धुणीभांडी केली, शाळेची बस चालवली, आणि नंतर जुन्या कलावंतांच्या थकलेल्या मानधनासाठी अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीशी झगडा मांडला, तिचा भाचा या गाण्यात असावा, हे मला खटकतं.

बोलणं पुरे. आता ‘माय मेलडी’ लावतो. हाताने मात्रा धरा, आणि यमक कुठे पडतं तेवढं बघा.