हृदय का वाढते आणि का थकते

श्रोतेहो, नमस्कार.

‘हृदयाचा आकार वाढला आहे’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा हृदयात नवे मांस चढले असावे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात स्नायूपेशींची संख्या जवळपास तीच असते. असलेल्या पेशीच जाड किंवा लांब झालेल्या असतात. जन्मानंतर लवकरच या पेशींचे विभाजन बहुतांशी थांबते आणि ऐन पंचविशीतही वर्षाकाठी जेमतेम १ टक्का पेशी नव्याने तयार होतात. त्यामुळे रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला, तर जादा काम याच पेशींना उपसावे लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली या पेशीवर आडवे पट्टे दिसतात. त्यांतील साधारण २ मायक्रोमीटर लांबीचा तुकडा म्हणजे सार्कोमिअर, आकुंचनाचे मूळ एकक. चढ्या दाबाविरुद्ध झगडताना नवी सार्कोमिअर जुन्यांच्या शेजारी रचली जातात आणि भिंत जाड होते. झडप गळकी होऊन कप्प्यात जास्त रक्त साठू लागले, तर ती एकापुढे एक जोडली जातात आणि कप्पा पसरतो. जाड भिंतीत ताण वाटला जातो, म्हणून सुरुवातीच्या वाढीला सरसकट आजार म्हणणे मला घाईचे वाटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांचे हृदयही वाढते, पण ते निकामी होण्याच्या वाटेला लागत नाही.

फरक पडतो तो पेशीला मिळणाऱ्या संदेशांमुळे. अँजिओटेन्सिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या ताणाखाली शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकांचा मारा सतत चालू राहिला, की पेशीतील कॅल्शियमचा समतोल ढळतो आणि कॅल्सिन्यूरिन नावाचे विकर जागे होते. ते एनफॅट या प्रथिनावरील फॉस्फेट काढून टाकते, एनफॅट केंद्रकात शिरते आणि गर्भावस्थेनंतर निजलेली जनुके पुन्हा चालू होतात. उंदरांच्या हृदयात केवळ कॅल्सिन्यूरिन सतत कार्यरत ठेवले, तरी हृदय वाढते आणि पुढे निकामी होते, हे १९९८ मध्ये दिसून आले.

कॅल्शियमची गोष्ट इथेच संपत नाही. प्रत्येक ठोक्याला ते पेशीतील साठ्यातून बाहेर येते, स्नायू आकसतो, आणि सर्का नावाचा पंप ते पुन्हा साठ्यात ओढून घेतो, तेव्हाच स्नायू सैल पडतो. थकलेल्या हृदयात हा पंप मंदावतो आणि साठाही गळू लागतो. परिणामी आकुंचन दुबळे होते आणि शिथिल होणेही रेंगाळते. भरीला केशवाहिन्या पेशींच्या वाढीला पुरत नाहीत, मायटोकाँड्रिया ऊर्जा कमी देतात, आणि पेशींमधल्या जागेत कोलॅजेन साचून भिंत ताठर होते.

दुबळ्या हृदयाला उत्तेजन द्यावे, हा विचार पूर्वी स्वाभाविकच होता, आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा संदेश अडवून ठोके मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधे अशा रुग्णांना देणे धोक्याचे मानले जाई. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ती मोजक्या रुग्णांना देऊन सुधारणा नोंदवली, तेव्हा फार थोड्यांनी विश्वास ठेवला. पुढे मोठ्या चाचण्यांनी ती जीव वाचवतात हे दाखवून दिले. ही औषधे आजही अगदी लहान मात्रेपासून सुरू करतात. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाला अधिक थकवा जाणवू शकतो, आणि हृदयाची ताकद सुधारायला महिने लागतात, कारण संदेशांचा मारा ओसरल्यावर पेशीला आपली प्रथिने हळूहळू नव्याने घडवावी लागतात.