गोष्टीतल्या मुलांना बरं का करतात?

मंडळींनो, नमस्कार.

मागच्या वाचनकट्ट्यानंतर आपल्यातल्या एका मुलीने मला गाठून विचारलं, “मावशी, गोष्टीतल्या माझ्यासारख्या मुलांना शेवटी बरं का करतात?” तो प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

ती ऑटिस्टिक आहे, म्हणजे तिचं मन जगाला जरा वेगळ्या रीतीने अनुभवतं. मीही आहे. शिवाय मी क्वियर आहे, म्हणजे प्रेमाच्या, लिंगाच्या रूढ चौकटीत न बसणारी. हे इथे अनेकांना ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते.

लहानपणी कादंबरी हातात आली की नायक-नायिकेत माझं मन रमत नसे. लग्न न केलेली एखादी आत्या असायची. तिची एक मैत्रीण दर सुट्टीत येऊन राहायची आणि लेखक दोन ओळींत त्यांना उरकून पुढे जायचा. मी त्या दोन ओळींपाशीच थांबायचे.

तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगमंचावर आलं. सुमित्राचं प्रेम एका मुलीवर, आणि शेवट आत्महत्येत. तिची गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. सचिन कुंडलकरांच्या 2006 च्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीत भाऊ-बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात आणि भाऊ, तनय, आपलं दुःख स्वतः सांगतो. माझ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. सुमित्रासाठी मी रडले होते. तनयबरोबर मात्र मी एका खोलीत राहिले.

ऑटिस्टिक पात्रांना अजून बहुतेक ठिकाणी बापूच लागतो. आई सांगते, भाऊ सांगतो, शिक्षक सांगतात. त्या मुलामुळे बाकीचे शहाणे होतात आणि तो एक तर बरा होतो, नाहीतर गणितात चमत्कार करतो. प्रेमात पडत नाही. क्वियर पात्र पाहावं तर ते हजरजबाबी, चारचौघांत सहज मिसळणारं. 2020 मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात ट्रान्स आणि इतर लिंगविविध, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी ओळख न जुळणाऱ्या, व्यक्तींमध्ये ऑटिझमचं प्रमाण इतरांच्या तीन ते सहा पट आढळलं. म्हणजे दोन्ही असणारे आम्ही काही विरळा नाही. तरी कादंबरीत शिरताना आम्हाला अर्धं अंग दाराबाहेर ठेवावं लागतं.

“सगळेच थोडे तसे असतात गं,” असं तुम्ही प्रेमाने म्हणता, मला कळतं. पण त्या मुलीने तुम्हाला विचारलं असतं, तर तिला हेच सांगितलं असतंत का? आणि असली पुस्तकं कट्ट्यावर आणली की मुलांच्या मनात नको ते भरतं, हेही आता पुरे करा. मनात आधीच जे असतं, त्याला पुस्तक फक्त सोबत देतं.

तिच्यासारखी मुलं उद्या स्वतः लिहितील, याची मला खात्री आहे. पण इथे, महाराष्ट्राबाहेर वाढलेली ही मुलं बहुधा मराठीत लिहिणार नाहीत. त्यांच्या आजी-आजोबांपर्यंत ती पुस्तकं कोण पोचवणार?