बुडालेले बंदर आणि भाच्याचा प्रश्न

श्रोतेहो, व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे हवामानबदलाशी काय नाते असू शकते, हा आजचा विषय. पण त्याकडे मी एका बुडालेल्या बंदरावरून येणार आहे. माझा भाचा ‘सिव्हिलायझेशन ६’ हा शहरे वसवून राज्य वाढवण्याचा व्हिडिओ गेम खेळतो. त्या खेळाच्या २०१९ साली आलेल्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्तारात, म्हणजे मूळ खेळाला जोडलेल्या नव्या भागात, कोळशावरची वीजकेंद्रे चालवली की हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, तापमान वाढते, ध्रुवांवरचा बर्फ वितळतो आणि किनाऱ्यालगतच्या सखल जागा आधी पुराखाली जाऊन पुढे कायमच्या बुडतात. भाच्याने कित्येक रात्री खपून वसवलेले बंदर असेच गेले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “मामा, कोळसा तर मी बंद केला, मग पाणी मागे का जात नाही?”

भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली, पण हा प्रश्न वर्गात मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. यात मुलांना मी दोष देत नाही, कारण आपण हा विषय शिकवतो तेव्हा धूर नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी असतो. इथे कोळसा त्याने स्वतः जाळला होता आणि पूर अडवणारी भिंत बांधायलाही त्यानेच उशीर केला होता. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतके हवेत राहतो, समुद्र उष्णता सावकाश शोषतो आणि तितक्याच सावकाश फुगतो, त्यामुळे उत्सर्जन थांबले तरी पाण्याची पातळी दीर्घकाळ चढतच राहते, हे त्या रात्री आम्ही कागदावर आकृत्या काढून समजून घेतले. एरवी जेवायला दहा हाका माराव्या लागणारा हा मुलगा त्या दिवशी ताट पुढ्यात असूनही पुढचा प्रश्न विचारत होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेला मुद्दा आता थोडक्यात मांडतो. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने ५० देशांत जनमत घेतले, ते मोबाइल गेममध्ये जाहिरातीच्या जागी प्रश्नावली दाखवून. जानेवारी २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सुमारे १२ लाख लोकांनी उत्तरे दिली, त्यांत ५ लाखांहून अधिक १८ वर्षांखालील होते, आणि एकूण ६४ टक्क्यांनी हवामानबदल ही जागतिक आणीबाणी असल्याचे म्हटले. ज्यांना आपण पडद्यात हरवलेले समजतो, त्यांना तिथेच जाऊन विचारले, तर ते उत्तर देतात.

मात्र खेळातून हवामानबदलाचे भान यायचे, तर पडद्यावर चार झाडे रंगवून ते साधणार नाही. खेळणाऱ्याच्या निर्णयाचा परिणाम उशिरा का होईना, त्याच्याच पदरात पडला पाहिजे. आणि तो प्रश्न घेऊन उठेल, तेव्हा उत्तर द्यायला घरात किंवा शाळेत कोणीतरी मोठे माणूस हवे. या दुसऱ्या अटीची मला अधिक काळजी वाटते. म्हणून प्रश्नोत्तरांत पहिली संधी मागच्या रांगांतल्या विद्यार्थ्यांना द्यावी, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.