क्रिस क्रिस्टोफरसन : उसन्या गळ्यांचा कवी

मित्रहो, १९६५ साली क्रिस क्रिस्टोफरसन नावाचा अमेरिकन सैन्यातला एक कॅप्टन रजा काढून नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरघरी, आला. तिशी जवळ आलेली, घरी बायको आणि लहान मूल. जन्म १९३६चा, टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलचा, म्हणजे अगदी मेक्सिकोच्या सीमेवरचा. वडील हवाई दलात मोठ्या हुद्द्यावर. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात शिकून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर हा मुलगा ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात गेला. तिथे इंग्रजी साहित्य वाचलं, विल्यम ब्लेकची कविता अंगात भिनवली. मग सैन्यात जाऊन हेलिकॉप्टर चालवायला शिकला. पुढची नेमणूकही झाली होती : वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायचं. घरच्यांच्या मनासारखं सगळं चाललं होतं.

नॅशव्हिलला ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या प्रसिद्ध कार्यक्रमाच्या रंगमंचामागे त्याची जॉनी कॅश या नामवंत कंट्री गायकाशी गाठ पडली. कॅशने नुसता हात मिळवला. त्या एका हात मिळवण्यानेच आपलं ठरलं, असं क्रिस पुढे सांगायचा. त्याने सैन्याचा राजीनामा दिला.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या शेतमजुरांचं, खाणकामगारांचं, ट्रक चालवणाऱ्यांचं संगीत. उच्चभ्रू घरांतून त्याकडे नाक मुरडलं जाई. आईने त्याला पत्र लिहिलं. चौदा वर्षांवरचं कुणी असलं संगीत ऐकत नाही, आणि ऐकत असलंच तर अशा माणसांशी आपली ओळख नको, अशा अर्थाचं. हे पत्र कॅशच्याही वाचनात आलं. तो क्रिसला म्हणाला, घरून पत्र आलं की बरं वाटतं, नाही?

यानंतरची चार वर्षं मला त्याच्या आयुष्यात सगळ्यांत मोलाची वाटतात. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तो झाडू मारायचा, कलाकारांचे ॲशट्रे रिकामे करायचा. ऑक्सफर्डचा पदवीधर. १९६६ साली बॉब डिलन तिथे रेकॉर्डिंगला आला, तेव्हा क्रिस त्याच इमारतीत होता. पण डिलनशी दोन शब्द बोलायचं धाडस त्याला झालं नाही. पुढे मुलाच्या आजारपणात पैसा लागला, म्हणून लुइझियानात नोकरी धरली : मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टरने माणसं पोचवायची. काम संपलं की गाणी घेऊन नॅशव्हिल. ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’ हे गाणं त्याने समुद्रातल्या अशाच एका तेलफलाटावर बसून लिहिलं.

हेलिकॉप्टरची ती प्रसिद्ध गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. कॅश आपली गाणी ऐकत नाही, म्हणून क्रिसने थेट त्याच्या घराच्या आवारात हेलिकॉप्टर उतरवलं. कॅश रंगात येऊन सांगायचा, याच्या एका हातात बिअर होती आणि दुसऱ्या हातात टेप. क्रिस म्हणायचा, हेलिकॉप्टर चालवताना मी कधी प्यायलो नाही, आणि कॅश तर त्या वेळी घरीच नव्हता. उतरला होता हे मात्र खरं.

आता गाण्यांकडे येतो. ‘संडे मॉर्निंग कमिंग डाउन’मध्ये घडत काहीच नाही. एक माणूस रविवारी सकाळी डोकं धरून उठतो. मळक्या शर्टांतला त्यातल्या त्यात बरा शर्ट अंगात घालतो, रस्त्यावर येतो. कुठेतरी कोंबडी तळल्याचा वास येतो, एक बाप आपल्या मुलीला झोक्यावर झुलवत असतो, चर्चमधून मुलांचं गाणं ऐकू येतं. बस. त्या माणसाने काय गमावलंय हे कवी एकदाही सांगत नाही. तळणीचा वासच ते सांगतो. ब्लेक वाचलेल्या माणसाने झाडू मारता मारता जे पाहिलं, ते इथे उतरलंय असं मला वाटतं. १९७० साली कॅश आपल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात हे गाणं गाणार होता. नशेचा उल्लेख असलेला एक शब्द वाहिनीच्या अधिकाऱ्यांना बदलून हवा होता. क्रिस समोर प्रेक्षकांत, वर गॅलरीत बसलेला. कॅशने त्याच्याकडे बघत मूळ शब्दच गायला. त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने या गाण्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं.

‘फॉर द गुड टाइम्स’ रे प्राइसने गाजवलं, ‘हेल्प मी...’ सॅमी स्मिथने. एका बाईने एका रात्रीपुरती सोबत उघडपणे मागावी, हे तेव्हाच्या कंट्रीत धक्कादायक होतं. ‘मी अँड बॉबी मॅगी’ आधी रॉजर मिलर गायला. मग ते जॅनिस जॉप्लिन या रॉक गायिकेने रेकॉर्ड केलं आणि लगेच, ऑक्टोबर १९७०मध्ये, ती गेली. तिने ते गायलंय हे क्रिसला ती गेल्यावर कळलं. निर्मात्याने त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं, तेव्हा ऐकून तो रडत लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर फिरत राहिला. १९७१ साली ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याची स्वतःची पहिली रेकॉर्ड वर्षभर आधी येऊन गेली होती, फारशी खपली नव्हती. तिलाच आता या गाण्याचं नाव देऊन कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली.

म्हणजे गाणी याची, गळे दुसऱ्यांचे. याचा स्वतःचा आवाज खरखरीत, पट्टी मर्यादित, सूर अधूनमधून घसरणारा. काही जण त्याला गायकच मानत नाहीत. मला ते पटत नाही. त्याच्या गाण्यातला माणूस हरलेला आहे, आणि हरलेला माणूस तयारीच्या तानेत बोलत नाही. १९७३ साली ‘व्हाय मी’ हे प्रार्थनागीत त्याने स्वतः गायलं आणि ते कंट्रीच्या यादीत अव्वल ठरलं, ते या आवाजाच्या खरेपणावर.

गळ्याची ही उणीव सिनेमात त्याचं भांडवल झाली. माझं म्हणणं असं, की गाणं आणि अभिनय या त्याच्यापुरत्या दोन कला नव्हत्याच. हार कशी दिसते, ती न सजवता समोर ठेवायची, एवढंच तो दोन्हीकडे करत होता. अभिनयाचं शिक्षण नव्हतं. तो कॅमेऱ्यासमोर स्वस्थ उभा राहायचा, समोरच्याचं बोलणं खरोखर ऐकायचा. १९७३ साली दिग्दर्शक सॅम पेकिनपाने आपल्या चित्रपटात त्याला बिली द किड हा कुप्रसिद्ध अमेरिकन डाकू केलं. चित्रीकरण मेक्सिकोतल्या दुरांगोत, आणि सहकलाकार कोण, तर बॉब डिलन! सात वर्षांपूर्वी ज्याच्याशी बोलायचं धाडस झालं नव्हतं, तो आता त्याच्या टोळीतला माणूस होता. पुढच्या वर्षी मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘ॲलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर’मध्ये त्याने केलेला शेतकरी अगदी साधा, मवाळ आहे. मला ही भूमिका त्याच्या गाजलेल्या भूमिकांपेक्षा जास्त आवडते.

१९७६च्या ‘अ स्टार इज बॉर्न’मध्ये बार्ब्रा स्ट्रायसँडसमोर तो दारूत बुडत चाललेला रॉक गायक झाला. गोल्डन ग्लोब मिळालं. पण पडद्यावर स्वतःचं प्रेत पाहून तो हादरला. हे आपलंच आयुष्य आहे, हे त्याला दिसलं, आणि त्याने दारू सोडली.

मग १९८०, ‘हेवन्स गेट’. मायकल चिमिनोने सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर खर्चून केलेलं महाकाव्य. न्यूयॉर्कमध्ये लागलं, समीक्षकांनी सोलून काढलं, आठवड्याच्या आत चित्रगृहांतून काढून घेतलं गेलं. युनायटेड आर्टिस्ट्स ही जुनी कंपनी त्यानंतर विकली गेली, आणि क्रिसचं हॉलिवूडमधलं नायकपणही संपलं. पण त्यातली त्याची भूमिका बघा. हार्वर्डमध्ये शिकलेला श्रीमंत घरातला माणूस वायोमिंगमध्ये गरीब स्थलांतरितांच्या बाजूने बड्या गुरंमालकांविरुद्ध उभा राहतो. आपला वर्ग सोडून आलेल्या माणसाची ही गोष्ट करायला याच्याहून योग्य कोण होता? पुढे चित्रपट दुरुस्त होऊन २०१२ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, आणि आज त्याला मानणारे बरेच आहेत. मीही आहे.

त्यानंतर कॅश, विली नेल्सन आणि वेलन जेनिंग्ज या कंट्री गायकांबरोबर ‘हायवेमेन’ हा चौघांचा गट झाला. निकाराग्वातल्या अमेरिकी हस्तक्षेपाविरुद्ध तो उघड बोलला, शेतमजुरांच्या संघटनेसाठी गायला. १९९६ साली जॉन सेल्सने ‘लोन स्टार’मध्ये त्याला भ्रष्ट, वर्णद्वेष्टा शेरीफ दिला. प्रसंग थोडेच, पण टेक्सासच्या सीमेवरची ती दहशत तो किती थंडपणे उभी करतो! सीमेवरच्याच गावात तो जन्मला होता. त्या भागातला वर्णद्वेष त्याला पाठांतर करून आणावा लागला नसणार.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. १६ ऑक्टोबर १९९२, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, डिलनच्या गौरवाची मैफल. दोनच आठवड्यांपूर्वी आयरिश गायिका शिनेड ओकॉनरने चर्चमधल्या बाल अत्याचारांच्या निषेधार्थ टीव्हीवर पोपचा फोटो फाडला होता. ती रंगमंचावर येताच लोक हुर्यो करू लागले. तिला खाली आण, असा निरोप क्रिसला मिळाला. तो गेला, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि कानात म्हणाला, या हरामखोरांपुढे खचू नकोस. ती तिथेच उभी राहून गायली, मगच उतरली. त्या वेळी तिच्या बाजूने उभं राहणं कुणाच्याच फायद्याचं नव्हतं. तिचं म्हणणं किती खरं होतं, हे जगाला पुढे कळलं.

शेवटच्या वर्षांत त्याची स्मृती विरत गेली. डॉक्टरांना अल्झायमर वाटला, २०१६ साली लाइम रोगाचं निदान झालं आणि उपचारांनी बरा फरक पडला. त्यानंतरही काही वर्षं तो गिटार घेऊन रंगमंचावर जात राहिला. २८ सप्टेंबर २०२४ रोजी हवाईतल्या माउई बेटावर, ८८व्या वर्षी, तो गेला.

आता आपण ‘संडे मॉर्निंग कमिंग डाउन’ दोनदा ऐकणार आहोत, आधी कॅशच्या आवाजात आणि मग क्रिसच्या. दुसऱ्या वेळी सूर घसरला तर मनात खूण करू नका, ती कोंबडी तळल्याची ओळ येईल तिकडे कान द्या.