दूध उतरतंय म्हणून सोडून दिलेली गाठ

(दृश्य: परळ, सकाळ. टाटा हॉस्पिटलबाहेरची गर्दी.)

सातव्या महिन्यात छातीत गाठ लागली की घरात उत्तर तयार असतं, अगं दूध उतरतंय, होतं असं. सासूबाई म्हणतात, शेजारची म्हणते, कधीकधी डॉक्टरपण म्हणतात. आणि बहुतेक गाठी साध्याच निघतात, म्हणूनच तर जी साधी नसते तीही तशीच राहून जाते. साधारण ३००० गरोदर बायकांत एकीला स्तनाचा कॅन्सर निघतो. गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करायची, तिने पोटातल्या बाळाला काही होत नाही. सुई घालून तुकडा काढायचा असला तरी तेवढा भाग बधिर करून होतं.

मग पहिला प्रश्न, मूल ठेवायचं की नाही? नुसतं मूल पाडून आईचं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. हां, अगदी सुरुवातीलाच आजार जोरात असेल तर निर्णय अवघड होतो, कारण पहिले तीन महिने बाळाचे अवयव बनत असतात, तेव्हा केमो देत नाहीत. ऑपरेशन मात्र होऊ शकतं.

(दृश्य: केमोचा वॉर्ड. लाल औषधाची सिरिंज.)

हे लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. चौथ्या महिन्यापासून देता येतं. पोट वाढतं तसं वजन वाढतं, म्हणून दर वेळी वजन करून डोस नव्याने काढतात. नंतर लघवी लाल होते आणि आधी कुणी सांगितलं नसेल तर बाई घाबरून अर्धी होते, रक्तच वाटतं ना ते! ३४-३५ आठवड्यांनंतर केमो थांबवतात, म्हणजे डिलिव्हरीपर्यंत रक्तातल्या पेशी सावरतात. हर्सेप्टिन या कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाने गर्भजल कमी होतं, म्हणून ते नंतर, रेडिएशन आणि टॅमॉक्सिफेन ही हार्मोनला अडवणारी गोळीपण नंतरच.

बाळाचं काय? बेल्जियमच्या डॉक्टरांच्या टीमने पोटात असताना आईचा कॅन्सर, बहुतेकींची ट्रीटमेंटसुद्धा, सोसलेली १२९ मुलं तपासली, २०१५ मध्ये ते छापून आलं. वाढ इतर मुलांसारखीच. मागे पडली ती जास्त करून लवकर जन्मलेली, म्हणून बाळ घाईने बाहेर काढायचं टाळतात.

केमो चालू असताना अंगावर पाजता येत नाही, आणि बायका रडतात त्या बऱ्याचदा केसांपेक्षा यासाठी. सायन हॉस्पिटलात १९८९ पासून मिल्क बँक आहे, पण तिथलं दूध मुख्यतः कमी दिवसांच्या, आजारी बाळांसाठी. बाकीच्यांना पावडरचं, वाटी-चमच्याने.

आणि दुसरं मूल? टॅमॉक्सिफेन पाच-दहा वर्षं चालते, तोवर वय निघून जातं. २०२३ मध्ये ५१६ बायकांचा अभ्यास आला, दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग बाळासाठी दोन वर्षांपर्यंत सुट्टी, आणि पहिल्या काही वर्षांत तरी आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पुढची वर्षं अजून बघतायत. गोळी बंद केल्यावर आधी तीन महिने थांबायचं, मगच चान्स घ्यायचा, बाळ झालं की गोळी परत सुरू. मधल्या काळात कॉपर-टी बसवायची, कारण हार्मोनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत.