पिंजऱ्यातले दगड

श्रोतेहो, नमस्कार.

बागेतल्या उताराची माती खाली येऊ नये म्हणून तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली भिंत तुम्ही पाहिली असेल. तिला गॅबियन म्हणतात. इटालियन भाषेत ‘गाब्बिओने’ म्हणजे मोठा पिंजरा. पूर्वी लढाईत तोफांच्या आडोशाला फोकांनी विणलेल्या टोपल्या मातीने भरून उभ्या करत, त्यांचंही हेच नाव.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही भिंत अर्धवट वाटते. “गिलावा कधी करणार?” असं मला कामावर हमखास विचारतात. गिलावा केला तर भिंतीचा जीवच गुदमरेल, हे मी सांगतो आणि मग पाण्याकडे वळतो.

कारण मातीपेक्षा दगा देतं ते तिच्यात मुरलेलं पाणी. दोन मीटर उंच भिंतीमागे पाणी पूर्ण तुंबलं, तर दर मीटर लांबीवर सुमारे दोन टनांचा रेटा एकट्या पाण्याचा. मातीचा वेगळाच. काँक्रीटच्या भिंतीत यासाठी निचऱ्याचे पाइप ठेवतात. ते गाळाने बुजले की संपलं. गॅबियनमध्ये पेटीचा साधारण तिसरा हिस्सा नुसती पोकळी असते, त्यामुळे पाणी तुंबायला जागाच नाही. मात्र पाणी जावं, माती जाऊ नये, म्हणून भिंतीच्या पाठीला गाळणीसारखं जिओटेक्स्टाइल कापड लावावं लागतं. ते विसरलं तर भिंत जागेवर राहते आणि वरच्या हिरवळीला खळगे पडत जातात. मग दोष माळ्याला!

आता भरणीबद्दल, कारण खरी कारागिरी तिथे आहे. जाळीचं भोक साधारण आठ बाय दहा सेंटिमीटरचं, म्हणजे दगड त्याहून मोठाच हवा. दहा ते पंचवीस सेंटिमीटरचा चालतो. यंत्राने दगड ओतून झाकण बांधलं की काम उरकतं, पण दर्शनी बाजू हातानेच रचावी लागते. दगडाची सपाट बाजू बाहेर, दोन दगडांच्या बेचक्यात चिप ठोकायची, हलवून पाहायचं, डुगडुगला तर काढून फिरवून पुन्हा बसवायचा. मीटरभर उंचीची पेटी तीन थरांत भरतात आणि पहिल्या दोन थरांनंतर पुढची जाळी मागच्या जाळीला आडव्या तारांनी बांधतात. या तारा कुणी वाचवल्या की काही दिवसांत भिंतीला पोट सुटतं. भिंतीच्या टोकाला उभं राहून एक डोळा मिटून बघा, लगेच कळतं.

नदीतले गुळगुळीत गोटे दिसतात छान, पण ते एकमेकांना धरत नाहीत. मला खाणीतला कोनेदार दगड आवडतो. आणि पेट्यांत रंगीत काचा भरून शोभा आणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

सार्वजनिक बागेत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे मुलं. जाळी म्हणजे त्यांच्यासाठी शिडीच. म्हणून एका उंच भिंतीऐवजी मी बुटक्या भिंतींच्या पायऱ्या करतो, बसण्याच्या उंचीवर लाकडी फळ्या टाकतो आणि तारेचं प्रत्येक टोक आत वळवून घेतो. शेवटी त्या सगळ्या टोकांवरून स्वतः तळहात फिरवून पाहतो. एखादा ओरखडा मला उठला तर बरंच, कुणा पोराचा तरी वाचला.

जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभराने अशा भिंतीजवळ जा. तळच्या रांगेतून पाणी झिरपत असेल. ते नितळ असेल तर मागचं कापड शाबूत आहे. अजूनही गढूळच येत असेल, तर बागेच्या कर्मचाऱ्यांना तेवढं सांगून या.

नमस्कार.